एस्प्रेसोसाठी कॉफी पावडर सारखी कशी करायची: घरी नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

तुमच्या घरी एस्प्रेसो मशीन नुकतंच आलं असेल आणि एकाच कपात आंबट आणि कडू अशा दोन्ही चवी लागत असतील, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. मी बेळगावात, टिळकवाडीत राहतो. मशीन घेतल्यावर पहिले दोन महिने रोज सकाळी माझं हेच चाललं होतं. कधी कॉफी सात-आठ सेकंदांत भरभर खाली यायची, कधी थेंब पडायचं नाव नाही, तर कधी केसासारखी बारीक धार तिरकी उडून ओट्यामागच्या टाइल्सवर जायची. मशीनच बिघडलंय असं वाटून मी ते एकदा दुरुस्तीलाही देऊन आलो. त्यात काही बिघाड नव्हता. चूक होत होती ती पाणी सुटायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात, बास्केटमध्ये, म्हणजे पावडर भरायच्या जाळीच्या वाटीत, पावडर भरताना.

आपल्याकडे घरोघरी चहा. कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी दुधातली इन्स्टंट, नाहीतर कानडी शेजाऱ्यांकडे मिळणारी फिल्टर कॉफी. त्यामुळे पुरणाचं किंवा भाकरीचं जसं आईला, काकूला विचारता येतं, तसं याबाबतीत घरात विचारायला कुणी नसतं. मला जे कळायला दोन महिने आणि दीड-दोन किलो बिया लागल्या, ते तुम्हाला आठवड्यात जमावं म्हणून सगळं क्रमानं सांगतो.

आधी कारण समजून घ्या

खानापूर तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. लावणीच्या आधी चिखल झाला की फळी फिरवून खाचर सपाट करतात. कुठे ढेकूळ राहिलं, कुठे उंचवटा राहिला, किंवा खेकड्यानं बांधाला भोक पाडलं, की पाणी सगळीकडे सारखं उभं राहत नाही. जिथं सोपी वाट आहे तिथूनच निघून जातं. सकाळी बोटाएवढं दिसलेलं भोक दुपारपर्यंत हात जाईल एवढं होतं, कारण वाहतं पाणी जाता जाता माती ओढून नेतं. वरच्या अंगाला चिखल तुडुंब आणि खालच्या कोपऱ्यातलं रोप कोरडं, असं चित्र दिसतं.

बास्केटमधल्या कॉफीचं अगदी असंच होतं, फक्त सगळं पंचवीस-तीस सेकंदांत उरकतं. साधारण नऊ बार दाबाचं, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट जोराचं, ९० ते ९६ अंश सेल्सियसचं पाणी कॉफीच्या जेमतेम सेंटिमीटरभर थरातून जायचं असतं. थरात एक जागा जरी पोकळ राहिली, तरी पाणी ती धरतं. तिथली कॉफी प्रमाणाबाहेर उतरते, म्हणजे तिचा अर्क जास्तच निघतो, आणि कडू, तुरट होते. बाकीच्या कॉफीला पाणी धड लागतच नाही, ती अर्धवट उतरते आणि आंबट राहते. दोन्ही एकाच कपात येतात. याला कॉफीवाले चॅनलिंग म्हणतात.

फिल्टर कॉफीत हे फारसं जाणवत नाही, कारण तिथं पाणी नुसत्या स्वतःच्या वजनानं थेंब थेंब उतरतं. एस्प्रेसोतही सुरुवातीला एवढा जोर नव्हता. १९०१ मध्ये इटलीत लुईजी बेत्सेरा यांनी पेटंट घेतलेलं मशीन वाफेच्या दाबावर चालायचं, आणि तो दाब दीड बारच्या आसपास असायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजिया यांच्या तरफेच्या मशीननं तो नऊच्या घरात नेला. त्या जोराला टिकायचं तर पावडर बारीक हवी, घट्ट हवी आणि सगळीकडे सारखी हवी. पुढची सगळी खटपट या 'सारखी'साठी आहे.

१. सामान गोळा करा

सगळं एकदम विकत घेऊ नका. यातलं निम्मं घरात सापडेल.

- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा. हा नसेल तर पुढचं काही जमणार नाही.
- 'बर' असलेला, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारा ग्राइंडर; हातानं फिरवायचा चालेल. त्याच्या जाडी बदलायच्या खुणा जवळजवळ हव्यात.
- साध्या जाळीचं बास्केट (पुढचा मुद्दा नीट वाचा).
- बास्केटच्या मापाचा स्टीलचा टॅम्पर, म्हणजे दाबायचा ठोकळा.
- ढेकळं मोडायचं सुयांचं साधन. हे घरी होतं.
- बास्केटच्या तोंडावर बसणारी रिंग, म्हणजे हलवताना पावडर सांडत नाही.
- एक कोरडं सुती फडकं, जे फक्त याच कामाला ठेवायचं.
- वही आणि पेन.

वही कशाला, असं वाटेल. ग्राइंडरची खूण, पावडरचं वजन, कपात आलेल्या कॉफीचं वजन, लागलेले सेकंद आणि चवीबद्दल दोन शब्द, एवढं रोज लिहिलंत तर दहाव्या दिवशी तुम्हाला स्वतःची चूक दिसायला लागेल.

२. बास्केट उलटं करून बघा

बऱ्याच घरगुती मशीनबरोबर येणारं बास्केट दुहेरी तळाचं असतं. आतून पाहिलं तर भरपूर भोकं दिसतात, पण उलटं केलं की खाली सुईच्या टोकाएवढं एकच भोक. ते भोकच दाब तयार करतं, त्यामुळे पावडर कशीही भरली, जुनी असली, जाडी असली, तरी वर फेस येतोच. या बास्केटमध्ये तुम्ही कितीही मन लावून पावडर पसरलीत तरी कपात फरक फारसा दिसणार नाही. आणि मग 'हे सगळं उगाच आहे' असं वाटून माणूस सोडून देतो.

खाली सगळीकडे बारीक भोकं दिसली तर ते साधं बास्केट. नसेल तर त्याच मापाचं घ्या. घरगुती मशीनमध्ये ५१, ५४ आणि ५८ मिलिमीटर ही मापं जास्त दिसतात. अंदाजानं मागवू नका. व्हर्नियरनं आतला व्यास मोजा, आणि बास्केटच्या कडेची पट्टी हँडलमध्ये, म्हणजे बास्केट धरून मशीनला लावायच्या दांड्यात, बसते का तेही बघा. मी पहिल्यांदा नुसतं '५१' वाचून मागवलं आणि ते हँडलमध्ये शिरलंच नाही.

३. बिया: चिकोरी नको

बाजारपेठेत ताजी दळून मिळणारी कॉफी पावडर बहुतेक फिल्टर कॉफीसाठी असते आणि तिच्यात चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या मुळाची भाजून केलेली पूड, असते. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते वाचा. चिकोरी पाण्यात झटकन विरघळते आणि फुगते. एस्प्रेसोच्या बास्केटमध्ये तिचा लगदा होऊन जाळी चोंदते. फिल्टरमध्ये ती छान लागते, तिथेच तिची जागा आहे.

शुद्ध कॉफीच्या अख्ख्या बिया घ्या, आणि पाकिटावर भाजल्याची तारीख असलेल्याच घ्या. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी आपण राहतो त्याच राज्यात, म्हणजे कर्नाटकात, चिक्कमगळूरु, कोडगू आणि हासनच्या डोंगरांत पिकते, तेव्हा ताज्या बिया मिळवणं आपल्याला अवघड नाही. पाकिटावर 'प्लांटेशन' दिसलं तर ती धुऊन तयार केलेली अरेबिका जातीची कॉफी, 'पार्चमेंट' असेल तर तशीच धुतलेली रोबस्टा जातीची, आणि 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. सुरुवातीला मध्यम किंवा जरा गडद भाजलेली घ्या. हलकी भाजलेली बी कडक असते, ती शिकाऊ हाताला दाद देत नाही.

अगदी काल भाजलेली बीही नको. भाजल्यावर आठवडाभर तिच्यातून वायू निघत असतो, त्यानं धार उसळते आणि काही अंदाज येत नाही. सात ते दहा दिवस जाऊ द्या आणि मग महिन्याभरात संपवा.

४. वजन करा, चमचे मोजू नका

बास्केटवर १६, १८ असा आकडा असतो किंवा विकणारा सांगतो. त्यात एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालतो, जास्त नाही. मी १८ ग्रॅम पावडर घेतो आणि कपात ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी काढतो. दुप्पट, हे सोपं गणित सुरुवातीला धरून चाला.

जास्त भरण्याचा मोह होतो. पण पावडर फुगून मशीनच्या वरच्या, पाणी सोडणाऱ्या जाळीला टेकली तर थर मोडतो, आणि मग आधीची सगळी मेहनत वाया. याची एक परीक्षा आहे: पावडर भरून दाबा, वर पाच रुपयांचं पिवळं नाणं स्वच्छ धुऊन, पुसून ठेवा, हँडल मशीनला लावा आणि पाणी न सोडता लगेच काढा. नाणं पावडरीत रुतलं असेल तर अर्धा ग्रॅम कमी करा आणि पुन्हा बघा. नाणं जरा हललं, खूण उमटली नाही, की जागा बरोबर आहे.

५. दळणं

मिक्सरमध्ये दळू नका. पातं बी कापतं, म्हणजे थोडा मैदा होतो, थोडा रवा राहतो, आणि या दोन्हींचं मिश्रण कितीही पसरलं तरी सारखं होत नाही. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर मशीन साधं घ्या आणि ग्राइंडर चांगला घ्या. यावर माझं मत पक्कं आहे.

जाडी कशी ओळखायची? चिमटीत घेऊन बोटं चोळा. जोंधळ्याचं ताजं दळलेलं पीठ जसं किंचित खरखरीत लागतं, तशी हवी. मैद्यासारखी गुळगुळीत झाली तर थेंब पडणार नाही. बारीक रव्यासारखी टोचली तर पाणी थांबणार नाही.

कोरड्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून वळीव येईपर्यंत, दळलेली पावडर ग्राइंडरच्या भांड्याला चिकटून राहते, इकडेतिकडे उडते आणि तिचे गोळे होतात. दळताना घर्षणानं तयार होणारी वीज हे त्याचं कारण. उपाय फार सोपा: वजन केलेल्या बियांवर पाण्याचे एक-दोन थेंब टाका, चमच्याच्या टोकानं ढवळा, मग दळा. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं २०२३ मध्ये याचा नीट अभ्यास करून दाखवलं की थोड्या पाण्यानं ही वीज कमी होते आणि कॉफीही जास्त चांगली उतरते. थेंब म्हणजे थेंबच. बिया भिजवायच्या नाहीत, नाहीतर ग्राइंडर आतून गंजेल.

दळून झाल्यावर भांड्यावर झाकण लावून चार-पाच वेळा जोरात हलवा. या एका गोष्टीनं मोठे गोळे आधीच मोडतात.

६. ढेकळं मोडा: सुया फिरवणं

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, म्हणून इथे सावकाश वाचा.

आधी बास्केट फडक्यानं पूर्ण कोरडं पुसा. कडेला ओल राहिली तर तिथं पावडर चिकटते, आणि पाणी पहिल्यांदा कडेनंच वाट काढतं. मग रिंग बसवा आणि पावडर ओता. ती मधोमध डोंगरासारखी पडेल. हात लावायच्या आधी नीट बघा: मोहरीएवढे, कधी मुगाएवढे गोळे दिसतील. प्रत्येक गोळा आतून घट्ट असतो आणि त्याच्या बाजूला पोकळी असते. वरून दाबलंत तर गोळे तसेच आत राहतात. वरचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो आणि आत ढेकळं.

जॉन वाइस यांनी २००५ मध्ये बारीक सुईनं ही पावडर ढवळून घ्यायची रीत सांगितली. आज जगभर ती त्यांच्याच नावानं, डब्ल्यूडीटी (वाइस डिस्ट्रिब्युशन टेक्निक) म्हणून ओळखली जाते. साधन असं करा: बाटलीचं एक बूच घ्या. त्यात सहा ते आठ बारीक सुया गोलात टोचा, टोकं किंचित बाहेर फाकलेली. सुईची जाडी महत्त्वाची, ०.३ ते ०.४ मिलिमीटर. ॲक्युपंक्चरच्या सुया या मापाच्या आणि न गंजणाऱ्या स्टीलच्या असतात, त्या उत्तम. घरातली शिवायची सुई, टाचणी, दात कोरायची काडी, काट्याचमच्यातला काटा यातलं काही चालत नाही. ते जाड असतं, पावडर मोकळी करायच्याऐवजी तिच्यात चरे पाडतं.

माझं पहिलं साधन मी सतारीच्या तारेचं केलं होतं. सतारींचं मिरज आपल्यापासून लांब नाही आणि तार घरात होतीच. बाजाची, म्हणजे मुख्य, पोलादी तार ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, तिचे तुकडे बुचात खोचले. काम छान झालं. पण जुलैच्या पावसात एका सकाळी पाहिलं तर तारांवर तांबूस ठिपके. सतारीचं पोलाद गंजतं, हे मी लक्षात घेतलं नव्हतं. ते बूच तसंच टाकून दिलं. गंजलेली तार पोटात जायच्या वस्तूत फिरवू नका, पुसून घेतली तरी नको.

आता हात कसा फिरवायचा. सुया अगदी तळाला टेकतील इतक्या खाली न्या. तळाची पावडर आधी मोकळी व्हायला हवी, कारण वरून दिसत नाही म्हणून सगळे तिलाच विसरतात. रुपयाच्या नाण्याएवढी छोटी छोटी वर्तुळं काढत पूर्ण बास्केटभर फिरा, कडेलाही जा. दहा सेकंद असं. मग सुया अर्ध्यावर उचला आणि तसंच पाच सेकंद. शेवटी फक्त वरच्या थरात, टोकं जेमतेम बुडतील अशी, पृष्ठभाग सपाट होईपर्यंत. फळी शेवटी हलक्या हातानं फिरवतात तसं. सुया बाहेर काढताना सरळ वर उचला.

बरोबर झालं की पावडर आधीपेक्षा फुगलेली, भुसभुशीत दिसते. तिच्यात एकही खडा दिसत नाही, आणि मध्यापासून कडेपर्यंत उंची एकसारखी असते. वरून बघू नका, डोळे बास्केटच्या पातळीला आणून आडवं बघा. एका बाजूला उतार असेल तर आत्ताच सुयांनी पावडर तिकडे सरकवा, दाबल्यावर ते सुधारत नाही.

घाईत होणारी चूक म्हणजे भाजी परतल्यासारखं ढवळणं. त्यानं पावडर कडेला ढकलली जाते आणि मध्ये खड्डा पडतो.

७. हलकेच टेकवा

रिंग काढायच्या आधी हँडल सरळ धरून ओट्यावर, घडी केलेल्या फडक्यावर एकदा टेकवा. आपटायचं नाही. फुगलेली पावडर थोडी बसते, एवढंच काम.

फिरवून सपाट करायची पंख्यासारखी गोल साधनं मिळतात, बरेच जण ती घेतात. ती फक्त वरचे काही मिलिमीटर सपाट करतात. खाली ढेकळं असली तर ती झाकली जातात. सुया नीट फिरवत असाल तर त्यांची गरज नाही, ते पैसे बियांना ठेवा.

८. दाबा: जोर कमी, सरळपणा जास्त

मशीनबरोबर प्लॅस्टिकचा टॅम्पर येतो. तो बास्केटपेक्षा बराच लहान असतो, त्यामुळे कडेला मोकळ्या पावडरीचं कडं राहतं आणि पाणी तिथूनच घुसतं. माझ्या बास्केटमध्ये तो टॅम्पर अक्षरशः डुगडुगायचा.

बेळगावात राहण्याचा एक फायदा इथे होतो. उद्यमबागेत लेथवर काम करणारे हात चिकार. मी बास्केट घेऊनच एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या अण्णांनी बास्केट बोटावर फिरवून बघितलं, तीन ठिकाणी व्हर्नियर लावला आणि विचारलं, "हे कशाला पायजे?" म्हटलं, "कॉफी दाबायला, अण्णा. कडेला काही राहू नये." ते म्हणाले, "मग नुसतं माप धरून काय उपयोग? तळ आणि दांडा काटकोनात पायजे की. दांडा कलला तर तुमचा हात सरळ असून पण दाब वाकडा बसतो." त्यांनी स्टेनलेस स्टीलचा गोळा लेथला लावला, बास्केटच्या आतल्या मापापेक्षा पाव मिलिमीटर कमी ठेवून तासला, तळाची धार पॉलिश कागदानं मारली, आणि शेवटी डायल गेज टेकवून चाक हातानं फिरवत मला काटा दाखवला. काटा हलला नाही. तोच टॅम्पर आजही वापरतो. तुम्हीही करून घेणार असाल तर स्टेनलेसचाच सांगा. पितळ नको, ॲल्युमिनियम नको.

दाबताना हँडल ओट्याच्या कडेला टेकवा. कोपर टॅम्परच्या बरोबर वर आणा, मनगट सरळ. अंगठा आणि तर्जनी टॅम्परच्या तळाला दोन बाजूंनी लावा, म्हणजे बोटांची टोकं बास्केटच्या काठाला लागतील. टॅम्पर कलला तर एका बोटाला काठ जास्त जाणवतो. डोळ्यांपेक्षा हे बोटांना आधी कळतं.

जोर किती? पंधरा किलोच्या आसपास असा आकडा पूर्वीपासून सांगतात. एकदा अंदाज यावा म्हणून माणसाचं वजन करायच्या काट्यावर फळकूट ठेवून दाबून बघा. नंतर आकडा विसरलात तरी चालेल. पावडर दबायची थांबली की थांबा, त्यापुढे जोर लावून ती आणखी घट्ट होत नाही. रोज सारखाच दाब पडला पाहिजे. आणि तिरका दाब दहा किलोचा असो की वीसचा, पाणी पातळ बाजूनं जाणार.

दाबल्यावर कडेला चिकटलेली पावडर खाली पाडायला हँडलला टॅम्परनं ठोकायची एक जुनी सवय आहे. हे अजिबात करू नका. दाबलेला थर त्या ठोक्यानं कडेपासून सुटतो. दिसत नाही, पण फट पडते.

९. मशीनला लावा

मशीनमधून आधी दोन-तीन सेकंद नुसतं पाणी सोडून जाळी धुऊन घ्या. हँडलच्या काठावरचे कण बोटानं पुसा. मग हँडल हळू सरकवून फिरवा, धक्का बसू देऊ नका. लावलं की लगेच पाणी सुरू करा. काटा कपाखाली आणि घड्याळ समोर.

१०. धार बघा, मग चव घ्या

इथे तळ कापलेलं, म्हणजे खाली तोटी नसलेलं हँडल मिळालं तर जरूर घ्या. शिकायला त्याच्यासारखा गुरू नाही, बास्केटचा तळ सरळ दिसतो. पहिले थेंब साधारण पाच ते आठ सेकंदांत, तळावर सगळीकडे जवळजवळ एकदम दिसायला हवेत. मग ते मध्याकडे ओढले जाऊन एकच धार होते, मधासारखी, सुरुवातीला गडद आणि हळूहळू फिकी.

बिघडलं तर धार स्वतः सांगते. एकाच बाजूनं थेंब येत असतील तर टॅम्पर कलला होता किंवा पावडर एका अंगाला जास्त होती. कडेनं गोल कडं ओलं आणि मध्य बराच वेळ कोरडा, तर कडेची पावडर सैल राहिली. टॅम्पर लहान आहे का, बास्केट ओलं होतं का, ते बघा. मध्येच पिवळट ठिपका दिसून तिथून पिचकारी उडाली, तर तिथं ढेकूळ किंवा पोकळी होती. सुया तळापर्यंत गेल्या नाहीत.

आता सगळ्यात फसवा सापळा. कॉफी पंधरा सेकंदांतच आली की सगळे सांगतात, बारीक दळ. मीही तेच करत गेलो. पण पाणी फटीतून पळत असेल तर बारीक दळून थर आणखी घट्ट होतो, दाब आणखी वाढतो, आणि पाणी त्याच फटीतून दुप्पट जोरानं जातं. मी ग्राइंडर पाच खुणा बारीक नेला आणि धार तरीही पळतच होती. म्हणून आधी तळ बघा आणि चव घ्या. धार सगळीकडून सारखी आहे आणि कॉफी नुसती आंबट, पाणचट लागते, तर बारीक दळा. सारखीच आहे पण नुसती कडू, कोरडी लागते, तर जाड दळा. आंबट आणि कडू दोन्ही एकदम लागलं, तर ग्राइंडरला हात लावू नका, सहाव्या पायरीवर परत या.

वापरून झालेल्या पावडरची घट्ट चकती बाहेर काढल्यावर तिच्यात सुईएवढी भोकं दिसली तर तीही फटीची खूण. चकती नुसती ओलसर, चिखलट निघाली म्हणून मात्र घाबरू नका. पावडर बास्केटला थोडी कमी असली की तसं होतं, चवीशी त्याचा फार संबंध नाही.

एका दिवशी एकच गोष्ट बदला. वजन, जाडी, बिया सगळं एकदम बदललं तर सुधारलं कशामुळे आणि बिघडलं कशामुळे, हे वहीसुद्धा सांगू शकणार नाही.

११. आपल्या पावसाळ्यासाठी वेगळं

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा पुस्तकातल्या हवेसारखी नसते. जांबोटी, खानापूरकडे तर कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. बिया आणि पावडर हवेतली ओल धरतात. या दिवसांत बियांवर पाण्याचा थेंब टाकायची गरज नाही, पावडर तशीही उडत नाही. पण गोळे जास्त होतात, तेव्हा सुया पाच-सात सेकंद जास्त फिरवा. माझ्याकडे पावसाळ्यात धार हळू होते आणि ग्राइंडर एक-दोन खुणा जाड करावा लागतो. बियांचं पाकीट उघडल्यावर आठवड्याला पुरतील एवढ्याच घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, बाकीच्या बंद ठेवा. आणि दळून ठेवू नका, अर्ध्या तासासाठीसुद्धा नाही.

बोअरचं पाणी असेल तर मशीनमध्ये ते घालू नका. क्षार साचून पाण्याच्या वाटा अरुंद होतात आणि वरच्या जाळीतून पाणी एका बाजूनंच पडायला लागतं. मग पावडर कितीही सारखी असली तरी वरून येणारं पाणीच असमान.

१२. चार कप लागोपाठ काढायचे असतील

पाहुणे आले की पहिला कप छान होतो आणि तिसरा बिघडतो. गडबडीत बास्केट पुसलं जात नाही, सुया दोनदाच फिरतात. यावर मी असं करतो: पाहुणे बसले, पाणी दिलं, कुंद्याची बशी पुढे केली, की आधी चार छोट्या स्टीलच्या वाट्यांत अठरा-अठरा ग्रॅम बिया मोजून ठेवतो. दोन फडकी घेतो, एक ओल्या कामाला, एक फक्त बास्केट कोरडं करायला. मग एक वाटी दळायची, भरायची, काढायची, चकती टाकायची, बास्केट धुऊन पूर्ण कोरडं करायचं आणि तेव्हाच पुढच्या वाटीला हात लावायचा. दोन कपांच्या मध्ये तीन-चार मिनिटं जातात. ज्याचा कप आधी झाला त्याला लगेच देऊन टाका, चारही एकदम न्यायची वाट बघू नका, एस्प्रेसो थांबत नाही. शेवटच्या कपानंतर बास्केट उलटं करून उजेडाकडे धरा. एखादं भोक बुजलेलं दिसलं तर त्याच वेळी गरम पाण्यात भिजत टाका. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर कॉफीचं तेल वाळून बसतं आणि ते भोक मग सुटत नाही.